शब्द बदलले, लेख कुणाचा?

आपल्याकडचे गावांवरचे लेख सलग वाचले की एकच लेख पुन्हापुन्हा वाचतोय असं वाटतं. भूम तालुक्यातली कुंथलगिरी घ्या. आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली तिथे सल्लेखना घेऊन देह ठेवला, ही माहिती कुणाच्या मालकीची नाही. पण ती कोणत्या क्रमाने सांगायची, कोणता तपशील निवडायचा, ही लिहिणाऱ्याची मेहनत. 'देह ठेवला'चं 'प्राण सोडले' केलं तरी सांगाडा त्याचाच राहतो. व्हेरिएबलची नावं बदलून प्रोग्राम नवा होत नाही, तसंच हे.

'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला: कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. नाटककार हरला, कारण सिनेमाची मांडणी खरोखर वेगळी होती. आणि खाली 'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही.

पण कोर्टापेक्षा मोठं नुकसान भूमचंच आहे. एका लेखातली चूक दहा लेखांत उतरते. दहा साक्षीदार दिसतात, असतो एकच. म्हणून दोन-तीन ठिकाणी वाचा, सगळं बंद करा आणि मग लिहा. सन-नावं तेवढी नंतर ताडून घ्या. जे आपल्या शब्दांत सांगता येत नाही, ते अजून आपल्याला समजलेलंच नसतं.