जात्याचा नाद आणि ओवीचा शब्द

पूर्वजांच्या गायनपरंपरा आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे संग्रह यांच्या आधारे नवे, प्रयोगशील संगीत रचण्याची प्रवृत्ती अलीकडे जगभर बळावली आहे. तिचे स्वागत करण्यापूर्वी आंबेडकरी समाजाने एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हे पूर्वज कोणाचे, आणि त्यांचा कोणता वारसा आपण मंचावर आणतो आहोत? आमच्या पूर्वजांच्या हाती आलेले प्रत्येक वाद्य त्यांनी स्वेच्छेने घेतलेले नव्हते. गावकीत वाजवावी लागणारी हलगी ही कला होती, तशीच ती जातीने लादलेली चाकरीही होती. १९२७ च्या महाड सत्याग्रहाने पेटलेल्या स्वाभिमानातून ही कामे नाकारली गेली, तेव्हा वाद्य खाली ठेवणे हीच क्रांती ठरली. म्हणून 'परंपरा' या शब्दापुढे नतमस्तक होणे आम्हांस परवडणारे नाही. तिची चिकित्साच केली पाहिजे.

या चिकित्सेसाठी महाराष्ट्रात एक असाधारण साधन उपलब्ध आहे. पुण्याच्या 'सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांच्या या ओव्या आहेत. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने झाले. २०१७ पासून हा ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेमार्फत सर्वांसाठी खुला होत आहे.

या संग्रहात १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात मुद्रित झालेल्या ओव्या आहेत. जुन्या रिवाजानुसार पहिली, दुसरी, तिसरी अशी ओवी मोजत देवदेवतांना वाहिली जाई. भीमनगरातील स्त्रियांनी ती मोजणी राखली, चाल राखली. देव मात्र बदलले. तेथे बुद्ध आणि बाबासाहेब आले. ज्या परिवर्तनासाठी विद्वानांनी ग्रंथ लिहिले, ते या निरक्षर माउल्यांनी दळता दळता साधले. परंपरेशी प्रयोग करण्याचा यापेक्षा सरस दाखला कोणता?

संगीताच्या अंगाने पाहिले तरी ओवी श्रीमंत आहे. जात्याची घरघर हाच तिचा आधारस्वर, खुंट्याची ओढ हाच तिचा ताल. श्वास जेथे संपतो तेथे ओळ वळते आणि समोर बसलेली दुसरी बाई ती उचलते. आधुनिक संगीतकाराला या नादाचा मोह पडावा, हे स्वाभाविकच आहे. धोका येथेच आहे. आवाजाचा तुकडा कापून विद्युत्-वाद्यांच्या कल्लोळात मिसळला, की शब्द विरतो आणि उरते ती केवळ 'मातीची' गोडी. मग भीमनगरची ओवी आणि दुसरी कोणतीही ओवी यांत श्रोत्याला फरक उरत नाही. विद्रोह गळून पडतो, सूर तेवढा विकला जातो.

तामिळनाडूचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०२१ साली गाजलेल्या 'एंजॉय एंजामी' या गीतात अरिवू यांनी सिलोनच्या चहामळ्यांत राबलेली आपली आजी वल्लीअम्माळ आणि मृत्युप्रसंगीच्या विलापगीतांची परंपरा यांना लोकप्रिय संगीतात स्थान दिले. येथे शब्द शाबूत राहिला, आजी अनाम राहिली नाही. हे त्या गीताचे यश होय. परंतु त्याच वर्षी एका प्रतिष्ठित संगीत-मासिकाच्या मुखपृष्ठावर गीताची गायिका झळकली आणि अरिवू वगळले गेले, तेव्हा मोठा वाद उद्भवला. पूर्वजांचा आवाज बाजाराला हवा असतो. त्यांच्या वारसाचे नाव मात्र अडचणीचे होते.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. बुद्धवचन ग्रंथबद्ध होण्यापूर्वी शतकानुशतके भाणकांच्या कंठातून जतन झाले. संगीती या शब्दाचाच अर्थ एकत्र गाणे, पठण करणे असा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. दोन हजार वर्षांनंतर त्याचा कंठ ऐकू येत नाही, नाव मात्र टिकून आहे. थेरीगाथेतही गाथा भिक्षुणींच्या नावांनिशी येतात. त्यांतील मुत्ता थेरी आपल्या मुक्तीचे वर्णन करताना उखळ-मुसळापासून सुटका झाल्याचे सांगते. कष्टाचे गोडवे न गाता कष्टाचे सत्य सांगणारा हा स्त्रीस्वर जात्यावरच्या ओवीचा खरा पूर्वज मानावा लागेल.

हा विचार तळवड्यासारख्या गावी विशेष लागू पडतो. देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान इंद्रायणीकाठी वसलेल्या या गावात आज सॉफ्टवेअर पार्क आणि लहानमोठे कारखाने आहेत. १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी ज्या देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तो विहार येथून जवळच आहे. या पट्ट्यात बीड, लातूर, नांदेडकडून पोटासाठी आलेले तरुण राबतात. आजीच्या हाती जात्याची गती होती, म्हणून तिला गाता आले. नातू पॉवर प्रेसवर उभा आहे. तेथे गती यंत्राची असते आणि गोंगाटात गाणे संभवत नाही. प्रयोगशील संगीताने या दोन श्रमांना समोरासमोर आणावे. प्रेसचा ठोका आणि जात्याची घरघर एकत्र ऐकवावी. ते केवळ रंजन न राहता श्रमाच्या इतिहासाचे भाष्य ठरेल.

मात्र त्यासाठी तीन पथ्ये पाळली पाहिजेत. ओवीचा शब्द स्पष्ट ऐकू यावा. गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव तिच्या संमतीने मंचावरून उच्चारले जावे. आणि उत्पन्न होईल त्यात तिचा वा तिच्या वारसांचा वाटा असावा. ही पथ्ये पाळणारा प्रयोग आमच्या विहारांनी आपल्या सभागृहांत अवश्य घडवून आणावा. ज्यात केवळ नाद घेतला जातो आणि माणूस वगळला जातो, तो प्रयोग कितीही नवा असो, जुन्या गावकीचेच नवे रूप होय.