मृतांची मोजणी

आंकडे स्वतःच बोलतात, असें आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांनीं १९९८ सालीं सादर केलेला मुंबईच्या दंगलींचा अहवाल पुनः वाचतांना आमचें मत उलट झालें. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील या दंगलींत ९०० माणसें मेलीं; पैकीं ५७५ मुसलमान, २७५ हिंदु, ४५ अज्ञात, ५ इतर. कारणांत पोलिसांचा गोळीबार सर्वांत वर: ३५६. हीं दोन कोष्टकें एकत्र करून कोणी म्हणतो, पोलिसांनीं मुसलमान वेंचून मारले. दुसरा म्हणतो, रस्त्यावर जे अधिक उतरले तेच अधिक मेले. घाई दोघांचीही. ५७५ मध्यें भोसकलेले व जळालेलेही आहेत. आणि ज्या जमावांवर गोळी झाडली त्यांत कोण किती होते, हा भाजक हातीं नसतां भागाकार करावयाचा कसा? शहराची लोकसंख्या कांहीं तो भाजक नव्हे.

मात्र एवढ्यावरून पोलीस निर्दोष ठरले असें मानणाऱ्यांनीं दुसरा खंड वाचावा. तेथें बेरीज बाजूस ठेवून ठाणेवार एकेक प्रसंग तपासला आहे. ९ जानेवारी १९९३ रोजीं पोलीस सुलेमान उस्मान बेकरींत शिरले व आंत माणसें मारलीं गेलीं. पोलिसांनीं सांगितलेली हकीकत आयोगास पटली नाहीं. पोलिसांत, विशेषतः खालच्या अधिकाऱ्यांत, मुसलमानांविषयीं आकस मुरला होता, हा निष्कर्ष अशा छाननींतून निघाला आहे. वाचन रुक्ष खरें, पण ग्रंथाचें बळ तेथेंच आहे. तत्कालीन सरकारला तो मानवला नाहीं, ही गोष्ट निराळी.

डोंबिवलीहून ठाण्यास जाणाऱ्या वाचकांस गाडींतून मुंब्रा रोज दिसतें. दंगलींनंतर मुंबई सोडून आलेल्या कुटुंबांनीं तें गांव वाढविलें. मृतांच्या कोष्टकांत त्यांस जागा कोठून असणार?

त्याच मुंब्र्याच्या बायपासवर २३ सप्टेंबर २०२४ रोजीं बदलापूर प्रकरणांतील आरोपी पोलिसांच्या गाडींत पोलिसांच्याच गोळीनें मेला. बरोबर दहा वर्षांपूर्वीं, त्याच तारखेस, सर्वोच्च न्यायालयानें चकमकींच्या चौकशीचे नियम घालून दिले होते. त्या दाव्याच्या मुळाशीं १९९५ ते १९९७ मधील मुंबईच्या ९९ चकमकी व सुमारें १३५ मृत्यु होते. मुंब्र्याच्या बातमीनें आमच्या परिचयांतील सभ्य घरांतही समाधान पसरलें. आरोप घृणास्पद होता हें कोण नाकारील? पण खटला व्हावयाचा होता. येथें मृत एकच. शेंकडेवारी कशाची काढणार? जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयापुढें आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालानें पोलिसांस जबाबदार धरलें. त्यावर पुढें वाद झाले. त्या अहवालांत आम्हांस थांबविणारी बाब लहानशीच होती: आरोपीनें हिसकावून घेतलें म्हणून सांगितलेल्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नव्हते.