पक्षिगीतातील ‘साचा’ : एका संकल्पनेची चिकित्सा

पक्ष्याचे गीत उपजत की शिकलेले, हा वाद जुना आहे. त्यास निर्णायक वळण दिले ते मासाकाझू कोनिशी यांच्या १९६५ सालच्या निबंधाने. उत्तर अमेरिकेतील श्वेतशीर्ष चिमणीचे पिल्लू स्वजातीचे गीत आधी ऐकते, आणि गाऊ लागते ते पुष्कळ नंतर. या मधल्या अवधीत कोनिशी यांनी पिल्लाची श्रवणशक्ती नष्ट केली. तेव्हा ऐकलेले गीत त्याच्या कंठातून उमटलेच नाही. एकाकी वाढलेल्या, परंतु कान शाबूत असलेल्या पक्ष्याहूनही त्याचे गाणे ओबडधोबड निघाले. प्रौढपणी बहिरा केलेला पक्षी मात्र आपले गीत टिकवून धरी. प्रथम ऐकून साठवावयाचे आणि पुढे स्वतःचा आवाज ऐकत त्या स्मृतीशी जुळवावयाचे, असा हा क्रम. या स्मृतीला ‘साचा’ हे नाव रूढ झाले.

नाव सोयीचे खरे. पण दोष शिरला तो तेथूनच. साचा म्हटला की तो घट्ट, पुरा आणि एके ठिकाणी ठेवलेला असणार, असे मन गृहीत धरते. पीटर मार्लर यांनी १९७० मध्ये दाखविले की, ध्वनिमुद्रित गीत पिल्लू सुमारे दहाव्या ते पन्नासाव्या दिवसापर्यंतच उचलते. त्यानंतर साचा बंद, असा अर्थ पुष्कळांनी घेतला. वस्तुतः ध्वनिक्षेपकाला ना डोळे ना चोच! १९८४ मध्ये बॅप्टिस्टा व पेट्रिनोविच यांनी जिवंत शिक्षक समोर ठेवला, तेव्हा पन्नास दिवसांनंतरही पिल्ले शिकली. स्वजातीयांचा आवाज कानी पडत असताना काहींनी लाल मुनियाचे, म्हणजे महाराष्ट्रातही आढळणाऱ्या त्या चिमुकल्या पक्ष्याचे, गाणे आत्मसात केले. पन्नास दिवसांची मर्यादा पक्ष्याची होती त्याहून अधिक यंत्राची होती.

मेंदूतील शोधानेही साच्याला एकच घर मिळवून दिले नाही. झेब्रा फिंचच्या पुढच्या मेंदूतील एका केंद्रास इजा केल्यास पिल्लाचे शिक्षण खुंटते, प्रौढाचे गीत मात्र जवळजवळ अबाधित राहते, हे बॉटजर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखविले होते. हे केंद्र प्रतीचे कोठार असावे, असे वाटणे साहजिक होते. परंतु २००५ मध्ये ओल्वेत्स्की, अँडलमन व फी यांनी ते तात्पुरते निष्क्रिय केले, तेव्हा पिल्लाच्या गाण्यातील चाचपडणेच लोपले. म्हणजे ते केंद्र प्रयोग करून पाहण्याचे निघाले. शिवाय झेब्रा फिंचचे प्रौढ नर बहिरे झाल्यावर त्यांचे गीत कालांतराने ढासळते, हे १९९२ पासून ज्ञात आहे. श्वेतशीर्ष चिमणीवरून काढलेला नियम तेथे तसाच लागू पडत नाही.