वाचनाचा परवाना

ग्रंथालयात न जाता, घरी बसून, आपल्या हातातील फोनवर ग्रंथालयाचे ई-पुस्तक किंवा श्राव्य पुस्तक उसने घेता येते, ही सोय अमेरिकेत आता चांगलीच रुळली आहे. ती आपल्याकडेही यावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती कोणत्या अटींवर उभी आहे, हे आधी तपासले पाहिजे. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये उभे राहून अटी घालणाऱ्यांचा आपल्याला पुरेसा अनुभव आहे.

व्यवस्था वरवर साधी दिसते. ओहायो राज्यातील क्लीव्हलंडच्या ओव्हरड्राइव्ह या कंपनीने २०१७ मध्ये लिबी नावाचे अॅप काढले. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड असले की त्यावर पुस्तक मिळते. मुदत संपली की ते आपोआप परत जाते, त्यामुळे दंडाचा प्रश्न येत नाही. एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक. बाकीच्यांनी रांगेत थांबायचे. रात्रपाळी करणारा कामगार, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, दृष्टी अधू झालेली बाई यांच्यापर्यंत ग्रंथालय जे कधी पोचले नव्हते ते यामुळे पोचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्राविषयी नाक मुरडणे हा ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांची कपाटे आहेत त्यांचा छंद असू शकतो; आपला तो नव्हे.

प्रश्न मालकीचा आहे. छापील पुस्तक एकदा विकत घेतले की ते घेणाऱ्याचे झाले. त्याने ते कोणालाही द्यावे, पुन्हा विकावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच हे तत्त्व मान्य केले आहे आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्याच्या आधाराने चालत आली आहेत. मोठ्या प्रकाशकांचे ई-पुस्तक मात्र ग्रंथालयाला विकले जात नाही. त्याचा परवाना दिला जातो. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये ठरविले की एक प्रत सव्वीस वेळा उसनी गेली की संपली. ग्रंथालयाने पुन्हा पैसे भरावेत. इतर मोठ्या प्रकाशकांनी वर्षा-दोन वर्षांची मुदत घातली. मॅकमिलन २०१९ च्या नोव्हेंबरात यापुढे गेला. नवे पुस्तक निघाल्यापासून पहिले आठ आठवडे ग्रंथालयाला, मग ते शहर केवढेही मोठे असो, एकच प्रत मिळेल असा त्याने नियम केला. काही ग्रंथालयांनी त्याच्यावर बहिष्कार घातला आणि २०२० च्या मार्चमध्ये त्याने तो मागे घेतला. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने छापील प्रतींची चित्रे काढून ती उसनी देण्याचा मार्ग काढून पाहिला, तर चार प्रकाशक न्यायालयात गेले. २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरुद्ध लागला आणि २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

यावर कोणी म्हणेल, हा धंद्याचा हिशेब आहे, यात सामाजिक प्रश्न कोठे आला? उत्तरासाठी रिचर्ड राइटकडे जावे लागेल. दलित पँथरच्या काळापासून कृष्णवर्णीयांचे साहित्य आपण आपले मानून वाचत आलो आहोत, तेव्हा हा लेखक येथे परका नाही. १९०८ मध्येच जन्मलेला राइट १९२७ साली मेम्फिसमध्ये मजुरी करीत होता. तेथील ग्रंथालय गोऱ्यांचे. त्याने एका आयरिश सहकाऱ्याचे कार्ड मागून घेतले आणि गोऱ्या माणसाने लिहावी तशी खोटी चिठ्ठी लिहिली : या पोऱ्याजवळ मेंकेनची पुस्तके द्यावीत. संशय येऊ नये म्हणून गोरे वापरीत तीच शिवी त्याने चिठ्ठीत स्वतःसाठी वापरली. ग्रंथपाल बाईने विचारले, ही तूच तर वाचत नाहीस ना? तेव्हा आपल्याला वाचताच येत नाही, असे त्याने सांगितले. १९४५ च्या ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथनात हे सारे आहे. पुस्तक मिळविण्यासाठी निरक्षर असल्याचे सोंग घ्यावे लागणे म्हणजे काय, हे बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’च्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

पण या प्रसंगातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. राइटला मेंकेनच का हवा होता? कोणी शिफारस केली होती म्हणून नव्हे. दक्षिणेतील एका गोऱ्या वर्तमानपत्रात त्याने मेंकेनवर झोडलेला अग्रलेख वाचला आणि त्याला प्रश्न पडला, आमचा द्वेष करणारे हे लोक या गोऱ्या माणसाचाही इतका द्वेष का करतात? शत्रूच्या रागातून त्याला पुस्तकाचा पत्ता लागला. त्या पुस्तकात इतर लेखकांची नावे होती. त्यांच्या मागोमाग तो ड्रायझर आणि सिंक्लेअर लुईस यांच्यापर्यंत गेला. नवे पुस्तक सापडते ते असे. आजच्या अॅपवर वाचकापुढे येते ते ग्रंथालयाने परवाना घेतलेले, बहुतेकांनी मागितलेले, लगेच उपलब्ध असलेले, किंवा त्याने आधी वाचले त्यासारखेच आणखी एखादे. ज्याला नाव ठाऊक आहे त्याला शोधाची चौकट उपयोगी पडते. ज्याला नाव ठाऊक नाही त्याने त्या चौकटीत काय लिहावे? इझाबेल विल्कर्सन यांच्या ‘कास्ट’ला २०२० मध्ये ऑप्राच्या वाचकमंडळाने उचलून धरले आणि जात हा शब्द लाखो अमेरिकन वाचकांपुढे गेला, ते चांगलेच झाले. परंतु त्याच वाचकाला उर्मिला पवारांच्या ‘आयदान’चे इंग्रजी भाषांतर, जे २००९ पासून कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाकडे आहे, आपणहून समोर येण्याची शक्यता किती? गर्दी जिकडे गेली तिकडेच बोट दाखविणारी व्यवस्था उपेक्षितांच्या ग्रंथांना उपेक्षितच ठेवते. त्यासाठी कोणी वाईट हेतूने वागण्याचीही गरज उरत नाही.

याच यंत्राची दुसरी बाजूही आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत अलीकडे शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तके काढून टाकण्याची मोहीम चालली. त्यात टोनी मॉरिसनचे ‘द ब्लूएस्ट आय’ही सापडले. तेव्हा ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये तेरा ते एकवीस वयाच्या देशातील कोणत्याही मुलामुलीला विनामूल्य ई-कार्ड देऊ केले. गावचा ग्रंथपाल नाही म्हणो, ब्रुकलिन देते. राइटला जी चिठ्ठी खोटी लिहावी लागली ती येथे ग्रंथालयाने स्वतः खरी लिहून दिली. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची घटना हीच. मात्र ब्रुकलिनच्या त्या फडताळावरील बरीचशी पुस्तके पुन्हा परवान्याचीच आहेत.

परवान्याचा धोका आपण आपल्या अनुभवातून मोजावा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढले. १९८७ मध्ये चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, निघाला आणि राम-कृष्णावरील परिशिष्ट गाळावे म्हणून हुल्लड उठली. १९८८ च्या प्रारंभी मुंबईचे रस्ते मोर्चांनी भरले. शेवटी परिशिष्ट राहिले, शासन त्या मतांशी सहमत नाही अशी टीप पडली. या सगळ्या काळात आपल्या घरांत आणि वसतिगृहांत गेलेल्या छापील प्रती कोणालाही परत नेता आल्या नाहीत. दाराशी पोलीस पाठविल्याशिवाय ते शक्यच नव्हते. आता २००९ चा जुलै आठवा. अॅमेझॉनने हक्काच्या वादावरून ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकली. त्या ग्राहकांनी पैसे मोजले होते. ‘रिडल्स’ त्या वेळी परवान्याचे पुस्तक असते, तर मोर्चा निघेपर्यंत परिशिष्ट शिल्लक राहिले असते का?

श्राव्य पुस्तकांविषयी आपण निराळा विचार केला पाहिजे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. म्हणजे ऐकणे हाच येथे गुन्हा होता. तो गुन्हा आपण उघडपणे केला. राइटने चिठ्ठी लिहिली त्याच १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले. वस्तीत ज्या एकाला अक्षर येई त्याने अंक मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, असे ते वाचन होते. मग जलसे आले, वामनदादांची गाणी आली. एका अंकाला किती कान होते हे कोणी मोजले नाही, आणि म्हणूनच विचार पसरला. ‘एका प्रतीला एकच वाचक’ हा नियम त्या वस्तीवर लावून पाहावा.

मराठीत श्राव्य पुस्तकांचा बाजार वाढविला तो स्टोरीटेलसारख्या कंपन्यांनी, २०१७ पासून, महिन्याच्या वर्गणीवर. सार्वजनिक ग्रंथालय त्यात कोठेच नव्हते. शिवाय आवाजाचा प्रश्न आहे. ‘बलुतं’ किंवा बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ कोणाच्या तोंडून ऐकायचे? कमावलेल्या प्रमाण उच्चाराने वाचणारा कलावंत महारवाड्यातले संवाद आले की एक तर ते धुऊन पुसून घेतो, नाही तर त्यांना तमाशातल्या सोंगाड्याचा हेल लावतो. दोन्ही प्रकारांत ऐकणाऱ्याच्या कानी लेखकाचे जग येत नाही. ‘कास्ट’ला रॉबिन माइल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा आवाज मिळाला, याला म्हणूनच महत्त्व आहे. वाचकाची निवड ही येथे भाषांतरकाराच्या निवडीइतकीच वाङ्मयीन बाब आहे आणि आपल्या समीक्षेने तिची दखल घ्यायला हवी.

महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात कर नाही. संस्थांनी चालविलेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर तग धरून आहेत. उद्या त्यांना ई-ग्रंथ देण्याची योजना आली, तर कार्यकर्त्यांनी करारातील एकच कलम आधी वाचावे : पैसे भरणे थांबले की पुस्तक राहते की जाते? बाबासाहेबांचे खंड संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात आणि उतरवलेली प्रत आपल्याजवळ राहते, हा नमुना आपल्यापुढे आहेच. दलित लेखकांनी व त्यांच्या वारसांनी प्रकाशकाशी करार करताना ग्रंथालयासाठी कायम मालकीची प्रत विकण्याचे कलम घालून घ्यावे. तालुक्याच्या ड वर्ग ग्रंथालयातही दाखल नोंदवही असते. तीत पुस्तकाला क्रमांक पडतो आणि ते गहाळ झाले तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. सव्वीस वेळा वाचून नाहीशा होणाऱ्या पुस्तकाला त्या वहीत कोणता क्रमांक द्यायचा, हे ग्रंथालय संचालनालयाला आताच विचारले पाहिजे.