'बर्डसाँग'मधील भुयार आणि श्रवण

सेबॅस्टियन फॉक्स यांच्या 'बर्डसाँग' (१९९३) या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्यातील प्रेमकथेच्या अनुषंगाने होते. आम्हांस मात्र तिचे खरे वाङ्मयीन साहस जमिनीखाली आढळते. १९१६ सालचा भाग उघडतो तो पंचेचाळीस फूट खोलीवर. आणि तेथे आडवा पडलेला इसम नायक स्टीफन रेसफर्ड नव्हे, तर जॅक फायरब्रेस हा मजूर आहे. युद्धापूर्वी तो लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी माती खणत असे.

या पात्रनिर्मितीस इतिहासाचा आधार आहे. १९१५ च्या प्रारंभी ब्रिटिश सैन्याने सुरुंगपथके उभारली, ती खाणींतील व गटारांच्या कामांवरील मजुरांतून. तिरप्या फळीला पाठ टेकून अर्धवट उताणे पडावयाचे आणि पायांच्या रेट्याने अरुंद फावडे चिकणमातीत घुसवावयाचे, ही त्यांची रीत. कुदळीचा घाव शत्रूस ऐकू जातो. हा रेटा सहसा जात नाही. समोरून जर्मनही खणत असल्यामुळे हात थांबवून कान देणे हाही कामाचाच भाग होता. पुढे पाऱ्याचा उपयोग केलेले श्रवणयंत्र आले व आवाजाची दिशाही ठरविता येऊ लागली. ७ जून १९१७ रोजी पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी मेसीनच्या टेकाडाखाली १९ सुरुंग उडाले, त्यामागे अशी वर्षाहून अधिक काळची निःशब्द मेहनत होती.

जेथे डोळा निरुपयोगी ठरतो, तेथे वर्णनपर गद्याने काय करावे? फॉक्स यांनी काही प्रसंग केवळ आवाजाच्या चाहुलीवर उभे केले आहेत, आणि तेच कादंबरीतील सर्वांत सकस होत. (वरच्या रणभूमीची वर्णने त्या मानाने परिचित वाटतात.) अखेरीस जॅक व स्टीफन कोसळलेल्या भुयारात एकत्र अडकतात. जखमी जॅकला हलता येत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे स्टीफन स्फोटके वापरून वाट काढू पाहतो. हुकूम देणारा अधिकारी येथे प्रथमच मजुराचे ऐकतो. हा पालट लेखकाने कोठेही उच्चारून दाखविलेला नाही, हे विशेष.

तथापि जॅक मरतो, स्टीफन वाचतो, आणि त्याबरोबर स्मृतीची मालकीही बदलते. अनेक दशकांनंतर एलिझाबेथ ही स्टीफनची नात त्याच्या सांकेतिक लिपीतील वह्यांचा शोध घेते. तिच्या मुलास जॉन हे नाव मिळते. ते घटसर्पाने दगावलेल्या जॅकच्या मुलाचे नाव. स्टीफनने जॅकला दिलेले वचन अशा रीतीने पाळले जाते. प्रसंग हृद्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जॅकचे कसब, त्याची रेखाटने, पत्नीला लिहिलेली पत्रे यांपैकी कशाचाही माग एलिझाबेथच्या शोधात लागत नाही. मजुराचा उरतो तो केवळ एक शब्द, आणि तोही अधिकाऱ्याच्या वंशात.