बोललेले आणि छापलेले

संसदीय भाषणाची मुद्रित प्रत हाती आली की अभ्यासक निर्धास्त होतो. बखरीकडे तो संशयाने पाहतो. या प्रतीला मात्र साक्षीदाराचा मान देतो. तंजावरच्या मराठी राज्याशी निगडित असलेला एक पुरावा ही समजूत पुन्हा तपासावयास लावतो.

१७७३ साली अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले. तुळजाजीराजे कैद झाले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले, तरी नबाबाच्या युरोपीय सावकारांचे प्रकरण मिटले नाही. त्या कर्जांवर एडमंड बर्क २८ फेब्रुवारी १७८५ रोजी ब्रिटिश कॉमन्स सभेत बोलले, आणि त्या ओघात तंजावरची कैफियतही आली. आज आपण वाचतो ती संहिता मात्र कोणा लघुलेखकाने टिपलेली नव्हे. ती बर्क यांनीच त्या वर्षी परिशिष्टे जोडून प्रसिद्ध केली. सभेच्या अधिकृत जर्नलात निर्णय नोंदले जात, भाषणे नव्हेत. तेथील भाषणांचे पूर्ण अधिकृत इतिवृत्त १९०९ पासूनचे आहे.

मग ही संहिता अविश्वसनीय काय? तसे नव्हे. ती कशाविषयी विश्वसनीय, एवढाच प्रश्न आहे. कर्जासंबंधीची कागदपत्रे मागणारा फॉक्स यांचा ठराव सभेने फेटाळला होता. सभागृहात हरलेला पक्ष वाचकांच्या न्यायासनापुढे पुन्हा उभा राहिला, ते हे निवेदन. बर्क यांना काय सिद्ध करावयाचे होते, याचा तो उत्तम पुरावा आहे. त्या रात्री सभेने नेमके काय ऐकले, याचा नव्हे. भाषांतरकाराने त्यातील आवेशाला उत्स्फूर्ततेचा रंग दिला, तर तो पुराव्यातच भर घालील.

घरच्या साधनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसले वंशाचा मराठी शिलालेख १८०३ साली सरफोजीराजांच्या आज्ञेने कोरला गेला. त्यापूर्वी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. सत्ता गेलेल्या दरबाराने वंशाची थोरवी दगडात कोरावी, यातच त्याचे प्रयोजन दिसते. दगडावरचे अक्षर बदलत नाही, हे खरे. परंतु काय कोरावयाचे याची निवड छिन्नीपूर्वीच झालेली असते.

एका साधनात तुळजाजी हे अन्यायाचे उदाहरण आहेत, दुसऱ्यात वंशावळीतील एक नाव. दोन्हींत त्यांच्याविषयी बोलले जाते. ते स्वतः बोलत नाहीत. म्हणून संसदेचा शिक्का वा दगडाचा टिकाऊपणा पाहून थांबू नये. शब्द कोणी, केव्हा आणि कोणासाठी कायम केले, हे आधी विचारावे.