मॅनी मान वळवतो तेव्हा

'ग्रिम फँडँगो'मध्ये मॅनी कालवेरा एखाद्या खोलीत शिरतो, चार पावलं चालतो आणि त्याची कवटी हळूच एका बाजूला वळते. म्हणजे तिथे काहीतरी आहे. वस्तूभोवती चकाकी नाही, पडद्यावर माउसचा बाण नाही. मॅनीची नजर जिथे गेली, तिथे आपली जाते. खिशातलं काही हवं असलं तरी यादी उघडत नाही. तो कोटाच्या आत हात घालतो आणि एकेक वस्तू काढून समोर धरतो. त्यात मृत्युदूताचा घडीचा विळाही असतो. पात्राच्या मानेवर इतका भार टाकणारा दुसरा गेम मी पाहिलेला नाही.

टिम शेफरने हा गेम १९९८ साली लुकासआर्ट्समध्ये केला. सांगाडे मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाचे, सावल्या जुन्या कृष्णधवल गुन्हेपटांच्या. मॅनी परलोकातला ट्रॅव्हल एजंट. मेलेल्याला शेवटच्या मुक्कामाला पोचायला चार वर्षं लागतात. गाठीशी पुण्य असेल तर 'नंबर नाइन' गाडी चार मिनिटांत नेते. सुरुवातीच्या गिऱ्हाइकाच्या, सेल्सो फ्लोरेसच्या वाट्याला मात्र एक काठी येते, मुठीत होकायंत्र बसवलेली.

मेलेल्यांना पुन्हा मारायचं कसं? इथल्या गोळीने हाडांना कोंब फुटतात, पानं येतात, फुलं उमलतात, आणि माणूस संपतो. रुबाकाव्हा बंदरातल्या लोलाच्या अंगावर ती फुलं पाहिली तेव्हा मी बराच वेळ पुढे खेळलो नाही. मृतांच्या सणाला मेक्सिकोत झेंडू वाहतात, आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळचा तिथलाच. दारावर तोरण बांधत वाढलेल्याला हे उमलणं फार लागतं.

गेमचं कौतुक झालं, खप बेताचा झाला. पुढे तो दुकानांतून गेला आणि नव्या संगणकांवर धड चालेना. तेव्हा तो सांभाळला चाहत्यांनी. काहींनी 'रेसिड्युअलव्हीएम' नावाची प्रणाली उभी करून त्याला नव्या यंत्रांवर चालता केलं. एकाने माउसने खेळायची सोय स्वतः लिहिली. २०१२ साली शेफरच्या डबल फाइन या स्वतंत्र स्टुडिओने नव्या साहसी गेमसाठी लोकांकडे ४ लाख डॉलर मागितले आणि ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाखांवर दिले. अशा गेमांना गिऱ्हाईक उरलं नाही म्हणणाऱ्यांना हे रोकडं उत्तर होतं. लुकासआर्ट्सची मालक लुकासफिल्म त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्नेकडे गेली. 'ग्रिम फँडँगो' नव्याने काढायची परवानगी डबल फाइनला मिळाली, जुन्या बॅकअपमधून मूळ फायली शोधून काढल्या, आणि जानेवारी २०१५मध्ये नवी आवृत्ती आली. त्या चाहत्याने लिहिलेली माउसची सोय त्याच्याच संमतीने तिच्यात आधाराला घेतली आहे.

मला या आवृत्तीत सर्वांत आवडतो तो हात आवरण्याचा भाग. मागची चित्रं जुनीच ठेवली आहेत, चौकटही जुन्याच आकाराची. बदलला तो पात्रांवरचा उजेड. मॅनी अंधारातून दिव्याखाली येतो तेव्हा प्रकाश आता त्याच्या खांद्यावरून सरकत जातो; पूर्वी मॅनी चित्रावर चिकटवल्यासारखा दिसे. एक बटण दाबलं की जुनं रूप परत येतं, पुन्हा दाबलं की नवं. रुबाकाव्हात मी हे कितीतरी वेळा केलं. जुन्या रूपात मॅनीच्या कडा खडबडीत होतात, शहर मात्र जागचं हलत नाही.

माउस सोयीचा आहे, यात वाद नाही. पण बाण फिरवत वस्तू हुडकायला लागलो की मॅनीच्या मानेकडे लक्षच राहत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी जुनीच, कळा दाबून मॅनीला चालवायची पद्धत निवडायला सांगेन. भिंतीला चार वेळा धडकाल, धडका.

आणि संगीत. पीटर मॅकॉनेलच्या रचना मेलबर्न सिंफनी ऑर्केस्ट्राने नव्याने वाजवल्या आहेत. गेमच्या शेवटी मॅनी आणि त्याची गिऱ्हाईक मेचे 'नंबर नाइन'मध्ये चढतात. ग्लॉटिस, गाडी हाकण्यासाठीच जन्मलेला तो धिप्पाड नारिंगी राक्षस, चार वर्षं मॅनीसोबत होता. पण तो याच भूमीचा, त्याला पुढे जाता येत नाही. गाडी हलते. ग्लॉटिस मागे राहतो.